खंडेनवमीला संपलेला विमा

म्हैसूर, १९ ऑक्टोबर २०२४

विजयेंद्र,

आशीर्वाद गृहीत धर. पाच वर्षं तू माझा फोन घेतला नाहीस, आता तर नंबरच अडवून ठेवला आहेस, म्हणून पोस्टाने लिहिते आहे. मुद्दाम रजिस्टर्ड केलंय. सही करून घेतलंस म्हणजे पाकीट आलंच नाही म्हणायला मोकळा नाहीस. बाकी नाही वाचलंस तरी एवढं वाच: तुझ्या नावावरच्या गाडीने एका माणसाचा पाय मोडला आहे, आणि त्या दिवशी गाडीला विमा नव्हता.

आता पाणी पी. मग पुढचं वाच.

विजयादशमीची सकाळ, आठची वेळ. अप्पांना नेहमीप्रमाणे सीमोल्लंघन करायचं होतं. जंबूसवारीच्या हत्तींसाठी रस्ते बंद व्हायच्या आत रिंग रोड ओलांडायचा, नंजनगूडच्या रस्त्याला बन्नीची, आपल्या शमीची, पानं तोडायची आणि परत यायचं. त्यांचे आजोबा महाराजांच्या घोडदळात होते, ते घोड्यावरून करत. अप्पा तू दिलेल्या गाडीतून करतात. वय अठ्ठ्याहत्तर. चाकांखालची लिंबं फोडून निघालो. रिंग रोडच्या पुढे उजवीकडे वळताना समोरून स्कूटर आली. अप्पा पोलिसांना म्हणाले, स्कूटर फार जोरात होती. मी त्यांच्या शेजारी बसले होते. जोरात नव्हती.

माणसाचं नाव वेंकोबा. नंजनगूडच्या एका कारखान्यात मशीनवर उभं राहायचं काम. सणाचीसुद्धा पाळी करून घरी निघाला होता. उजवा गुडघा गेलाय. सळी घातली आहे.

विमा का नव्हता? तू विचारणारच, आणि विचारताना तुझा तो बँकवाला आवाज काढणार, म्हणून आधीच सांगते. पॉलिसी नवमीच्या मध्यरात्री संपली. खंडेनवमीला आपल्याकडे शस्त्रं मांडतात हे तुला नव्याने सांगायला नको. तलवार, कट्यार, आणि गाडी आल्यापासून तिची किल्ली, आरसी, विम्याचे कागद. दोन वर्षांपासून मोबाईलही. अप्पा म्हणतात, "हेपण हत्यारच की ग, दिवसभर हातात असतंय." एकदा मांडलेल्या शस्त्राला दशमीच्या पूजेपर्यंत हात लावायचा नाही. हप्ता भरायचा फोनवरून आणि फोन तलवारीच्या पायाशी. मी काय करणार होते? पूजेचा फोटो जोडला आहे, कागद आणि फोन दोन्ही दिसतील.

त्याआधी का भरला नाही, हेही ऐक. पाच वर्षांत अप्पांनी तीन क्लेम घेतले. आपल्याच फाटकाचा खांब, चामुंडीच्या पायथ्याशी उभी असलेली रिक्षा, आणि एक झाड, जे अप्पांच्या मते पूर्वी तिथे नव्हतं. क्लेम न घेतल्याचा पन्नास टक्के बोनस होता, तो गेला. एका कंपनीने गाडीच्या नुकसानीचा विमा द्यायला सरळ नकार दिला. आमच्या विमा ऑफिसने देऊ केला तो एवढा चढवून की सगळे मिळून एकोणीस हजार. तो हिशेब माझ्याच टेबलावर झाला. अप्पा दोन आठवडे माझ्याशी भांडत होते, जणू मी सावकार आहे.

गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात आहे. मालक तू आहेस. दावा लागेल तो तुझ्यावर आणि अप्पांवर मिळून. वकील बघ.

तुंगाक्का


म्हैसूर, ४ डिसेंबर २०२४

विजयेंद्र,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. आता ज्या कामाला उत्तर लागतंच ते सांगते.

विमा नसलेली गाडी अपघातात सापडली की कोर्ट ती तारण भरल्याशिवाय सोडत नाही. तीन महिन्यांत कुणी तारण भरलं नाही तर लिलाव. तारण मी भरते, माझी एक ठेव मोडते आहे. पण मालकाचं अधिकारपत्र लागतं. मजकूर टाईप करून सोबत पाठवला आहे. तू फक्त खाली सही कर. पेन मात्र तुझं तुलाच शोधावं लागेल.

परवा वेंकोबाला बघायला गेले होते. फळं घेऊन गेले, फार शहाणपण केलं. त्याची बायको सुमा दारातच उभी राहिली. शाळेत जेवण रांधते ती. मला म्हणाली, "अक्का, तुम्ही विम्याच्या ऑफिसातल्या म्हणे, हौदा, खरं का? मग तुमच्याच गाडीला विमा नाही, हे कसं?" मी म्हटलं, सणाचं राहून गेलं. ती म्हणाली, "आमच्या मोडक्या स्कूटरला आहे. ह्यांनी अडव्हान्स उचलून भरला." मग फळं आत घेतली आणि मला कॉफीपण दिली. त्या कॉफीने जास्त त्रास झाला.

अप्पांचं काय चाललंय म्हणून तू विचारणार नाहीस, तरी सांगते. रोज सकाळी अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालून बसतात, आणि कुणी आलं की एकच वाक्य. "माझ्या पूजेमुळे झालं. कागद मी ठेवले तिथे." दूधवाल्याला सांगितलं, गल्लीतल्या इस्त्रीवाल्याला सांगितलं. कोर्टातही हेच सांगणार म्हणतात. मी म्हटलं, अप्पा, सगळ्यांना कशाला सांगायचं? तर म्हणाले, "सुम्मने, गप बस. चूक केली ती सांगायला लाज कसली?"

आणि हो, लायसन्स व्हॅलिड आहे, पुढची दोन वर्षं. डोळे तपासणाऱ्याकडे त्यांनी पाटीवरची अक्षरं आधीच पाठ केली होती. खालच्या ओळीपासून वर म्हणून दाखवली, डॉक्टर खूश. हे मला त्यांनी स्वतः अभिमानाने सांगितलं. एवढ्या वर्षांत त्यांना माझा वाढदिवस पाठ झाला नाही.

सही लवकर पाठव.

तुंगाक्का


म्हैसूर, ११ मार्च २०२५

विजयेंद्र,

तुझी सही डिसेंबरात आली होती. पाकिटात दुसरं एक अक्षर नाही. गाडी घरी आली, जुन्या चादरीखाली झाकून ठेवली आहे. मी गप्प बसले. म्हटलं, चला, सही तरी आली.

पण काल तुझ्या वकिलाने वेंकोबाच्या दाव्याला ट्रिब्युनलमध्ये जे उत्तर दाखल केलं त्याची प्रत माझ्या हातात पडली, आणि आता मी गप्प बसणार नाही. इंग्रजीत सात पानं. तिसऱ्या पानावर म्हटलंय की गाडी तू २०१४ साली वडिलांना वापरायला दिलीस, आणि तिचा विमा दरवर्षी नूतन करण्याची जबाबदारी 'प्रतिवादीच्या बहिणीने स्वीकारली होती, जी स्वतः विमा कार्यालयात मोटार विभागात नोकरीस आहे.'

वा. म्हणजे आता मी.

गाडी कुणी दिली? तू दिलीस. बँकेत बढती झाली म्हणून लाल फीत बांधून दारात उभी केलीस, आख्ख्या गल्लीला पेढे वाटलेस. नाव बदलून दे म्हणून मी तीनदा सांगितलं, तू 'करू की' म्हणालास. आणि मग २०१९ मध्ये फाटकाचा खांब पडला, त्यावर तू काय केलंस? आलास, अप्पांच्या शर्टाच्या खिशातून किल्ली काढून घेतलीस, त्यांच्याच बहिणीभावांसमोर, आणि हैदराबादला निघून गेलास. बापाच्या खिशात हात घालतात का रे? ते तीन दिवस जेवले नाहीत. चौथ्या दिवशी मी कपाटातून दुसरी किल्ली काढून त्यांना दिली. होय, दिली. जेवावं म्हणून दिली. तेवढ्यावरून तू माझ्याशी बोलणं सोडलंस.

तुला काय रे, तू तिकडून बरोबर असतोस. इथे मी शेजारच्या सीटवर बसते. बसून मीच ब्रेक दाबते, जो माझ्या बाजूला नाही. पाच वर्षं दाबते आहे. उजव्या पायाला गोळे येतात. देवाघरी गेले तरी माझा तो पाय दाबलेलाच असेल.

तुझ्या वकिलाला सांग, पुरावा दाखवायचा असेल तर माझ्याकडेपण आहे. त्या नवमीचा फोटो मी तुला पाठवला आहे. कागद पूजेत होते, फोन पूजेत होता. माझे हात बांधलेले होते. हे मी जजसमोर सांगेन.

तुंगा


म्हैसूर, २३ जून २०२५

विजू,

तुझं पाकीट तेरा तारखेला आलं, शुक्रवारी. वर तुझं अक्षर होतं. आत मीच पाठवलेला फोटो, आणि मागे सहा वर्षांतली तुझी पहिली ओळ: 'अक्का, फोटोत फोन एकच आहे, अप्पांचा. हा फोटो कशाने काढलास?'

दहा दिवस मी ते पाकीट तांदळाच्या डब्यात ठेवलं होतं. का, ते विचारू नकोस.

माझ्या फोनने काढला. माझा फोन पूजेत नव्हता. नवमीला दिवसभर माझ्या हातात होता. त्यावरून मी सहा जणांना सणाच्या शुभेच्छा पाठवल्या.

आता सगळंच सांगते. एकोणीस हजार हे निमित्त होतं. ते गाडीच्या स्वतःच्या नुकसानीसकट. ते नको असेल तर नुसता थर्ड पार्टी विमा निघतो, कायद्याने लागतो तो तेवढाच, आणि तो आपल्या गाडीला चार हजारांत येतो. त्याचा दर सरकार ठरवतं. चालवणारा विशीचा असो की ऐंशीचा, त्याने तीनदा ठोकलेली असो की तीस वेळा, दर तोच. हे मी रोज टेबलापलीकडच्या लोकांना समजावून सांगते. स्वतःच्या पत्र्याचा नका उतरवू हो, पण दुसऱ्याच्या हाडांचा तरी उतरवा, हे माझंच वाक्य आहे. ऑफिसात त्यावरून मला चिडवतात. वेंकोबाचा गुडघा त्या चार हजारांत बसला असता. घरबसल्या, पाच मिनिटांत.

मी मुद्दाम भरला नाही.

मी थकले होते विजू. किल्ली मागायची हिंमत नव्हती, तू मागे काय झालं ते बघितलं होतंस, मी ते भोगलं होतं. मला वाटलं, विमा संपू दे. विमा नसलेली गाडी रस्त्यावर आणायची नसते, अप्पा कायदा पाळणारे, चाळीस वर्षं सरकारी नोकरी केलेले. गाडी आपोआप दारात उभी राहील आणि किल्ली काढून घेणारी मी ठरणार नाही. त्यांनी कागद पूजेत मांडले तेव्हा मला बरं वाटलं. माझं काम देवाने केलं असं वाटलं. मी आरती केली आणि फोटो काढला.

दशमीच्या सकाळी मी त्यांना सांगितलं. "अप्पा, विमा रात्री संपला. आज गाडी नको." त्यांनी तलवारीला नमस्कार केला, किल्ली उचलली आणि म्हणाले, "सीमोल्लंघनाला विमा कसला ग? दहा मिनिटांत येऊ. चल की." आणि मी गेले. हे सगळ्यात वाईट. मी दार अडवलं नाही, ओरडले नाही, चप्पल घातली आणि शेजारी जाऊन बसले. बन्नीच्या पानांसाठी पिशवीपण घेतली.

तुझ्या वकिलाने तिसऱ्या पानावर लिहिलंय ते खरं आहे. ते वाचून मी एवढी चिडले ती त्यामुळेच.

अप्पा अजून सगळ्यांना सांगतात की पूजेमुळे झालं. पोलिसांनाही तेच सांगितलं. मी सांगितल्यावरही ते निघाले, हे कुणाला बोलले नाहीत. मला वाचवतात की स्वतःला, मला कळत नाही, आणि विचारायची हिंमत होत नाही. पुढची तारीख जुलैत आहे. ते जजसमोर उभे राहून देवाला मध्ये आणणार, आणि मी मागच्या बाकावर बसून ऐकणार. ते माझ्याच्याने होणार नाही. तारखेच्या आधी मी त्यांना सांगणार आहे. तुला आधी सांगितलं, कारण कागदावर लिहिलेलं परत घेता येत नाही.

तुझ्या वकिलाला हे पत्र दाखव. मी त्याखाली सही करते आहे.

तुंगा


म्हैसूर, ३ ऑक्टोबर २०२५

चि. विजू,

तू लोकअदालतीला आलास, वकिलाशेजारी उभा राहिलास, तडजोडीच्या कागदावर सही केलीस आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेलास. घरी आला नाहीस. मी पोळ्या करून ठेवल्या होत्या. असो, त्या वेंकोबाकडे पाठवल्या. भरपाईतला तुझा वाटा त्याला पोचला, माझाही पोचला. राहिलेला, अप्पांचा, गाडी विकून द्यायचाय, मुदत डिसेंबरपर्यंत. त्याला कारखान्याने गेटवर बसून रजिस्टर लिहायचं काम दिलंय, पगार कमी आहे. सुमाने मला सांगितलं, "अक्का, ते दिवसभर बसतात, पण घरी आले की उभे राहतात. कितीही सांगा, बसत नाहीत."

पण तुला लिहायला बसले ते कालच्या गोष्टीसाठी. त्यासाठी जुलैपासून सांगावं लागेल.

तारखेच्या आदल्या दिवशी दुपारी मी अप्पांना सगळं सांगितलं. ते शेंगा सोलत होते. माझा फोन, चार हजार, मुद्दाम न भरलेला हप्ता, सगळं. ते सोलत राहिले. मला वाटलं ऐकू आलं नाही, म्हणून मी परत पहिल्यापासून सांगायला लागले. तेव्हा म्हणाले, "एकदा सांगितलंस, आयतु, झालं. कळलं." मग पुढची शेंग उचलत म्हणाले, "विजूने हिसकून घेतली. तू युक्ती करून अडवलीस. अप्पा, किल्ली द्या, म्हणून दोघांपैकी कुणी मागितलीच नाही ग."

मला इतका राग आला म्हणून सांगू! म्हटलं, अप्पा, मागितली असती तर दिली असती का तुम्ही? खरं सांगा. त्यावर त्यांनी शेंगांची टरफलं गोळा केली, उठले, आणि आत जाता जाता म्हणाले, "ते आता कसं सांगू? मागितलं असतंस तर कळलं असतं."

दिली नसती. मी तुला लिहून देते, दिली नसती. पण रात्रंदिवस मला तेच ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी कोर्टात ते उभे राहिले आणि पूजेचं नावही काढलं नाही. तू नव्हतास तेव्हा, तुझ्या वकिलाने सांगितलंच असेल. म्हणाले, "विमा नाही हे मला सकाळीच सांगितलं होतं. तरी मी चालवली. मला डाव्या डोळ्याने फार दिसत नाही." बस, एवढंच. डोळ्याचं तर त्यांनी मलाही कधी सांगितलं नव्हतं. मी उठून माझं सांगायला लागले तर त्यांनी मागे न बघता हात वर केला, लहानपणी जेवताना बडबड केली की करायचे तसा. मी तरी सांगितलं. पन्नाशी उलटली माझी, किती वर्षं त्या हाताला घाबरू?

आता काल. परवाच्या नवमीला त्यांनी नेहमीसारखी मांडणी केली. तलवार, कट्यार, फोन. किल्ली त्यांच्या खिशात होती, गाडी हलत नसली तरी ते ती रोज खिशात घालतात. मी हळदकुंकवाचं ताट घेऊन उभी होते. ताट खाली ठेवलं आणि म्हटलं, "अप्पा, किल्ली द्या."

सहा वर्षं लागली मला. एवढ्याशा तीन शब्दांना.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. खिशातून किल्ली काढली, धोतराच्या सोग्याला पुसली, आणि माझ्या हातात न देता तलवारीशेजारी ठेवली. कुंकू लावलं. मला परत चीड आली. म्हटलं, झालं, उद्या दशमीला उचलणार आणि चल की म्हणणार. रात्रभर मी तयारी करत होते की या वेळी दारात आडवी पडेन.

काल सकाळी त्यांनी पूजा केली. तलवार उचलली, म्यानात घातली. कट्यार उचलली. फोन उचलला, चष्म्याजवळ नेऊन वेळ बघितली. मग मला म्हणाले, "पिशवी घे. रिंग रोडपर्यंत बस जाती." आम्ही सिटी बसने सीमोल्लंघन केलं. दसऱ्याची गर्दी, अप्पांना एका मुलीने जागा दिली, ते बसायला तयार नव्हते, मी ओढून बसवलं. बन्नीची पानं आणली. तुझ्या वाटणीचं पान पाकिटात घातलं आहे, पोचेपर्यंत चुरा झाला तर मला दोष देऊ नकोस.

किल्ली अजून पूजेतच आहे. आज दुपारी मी ती उचलून कपाटात ठेवायला गेले, तर अप्पा म्हणाले, "राहू दे. ज्याची गाडी त्याला उचलू दे."

गाडी बघायला एक गिऱ्हाईक येऊन गेलंय. तो म्हणतो, मालकाची सही लागेल आणि दोन्ही किल्ल्या लागतील. एक इथे तलवारीशेजारी आहे. दुसरी २०१९ पासून तुझ्याकडे आहे.

ती पोस्टाने पाठवू नकोस. घेऊन ये. आणि आल्यावर अप्पांच्या हातात दे, खिशात घालू नकोस.

तुझी,
तुंगाक्का